'बोअर्ड' आणि 'बोअरिंग' : स्पॅनिश भाषकांची एक चूक व आपले वर्ग

इंग्रजी शिकू लागलेला स्पॅनिश भाषक विद्यार्थी कंटाळा आला असता पुष्कळदा "आय ॲम बोअरिंग" असे म्हणतो. आपण कंटाळलो आहोत, हे त्यास सांगावयाचे असते. परंतु ऐकणाऱ्यास अर्थ लागतो तो "मी कंटाळवाणा मनुष्य आहे" असा. उलटपक्षी, चित्रपट नीरस होता हे सांगताना तो "द फिल्म वॉज बोअर्ड" असे म्हणून जातो. म्हणजे जणू चित्रपटालाच कंटाळा आला होता! स्पॅनिश ही स्पेनखेरीज मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत सुमारे २० देशांची राजभाषा आहे. इतक्या दूरदूरच्या वर्गांतून एकच चूक घडत असेल, तर ती केवळ हयगयीने घडते असे म्हणता येत नाही. तिचे मूळ मातृभाषेत शोधावयास हवे. हा शोध आपल्या शिक्षकबंधुभगिनींसही उपयोगी आहे, कारण हीच चूक थोड्या वेगळ्या वाटेने आपल्याही वर्गांत येते.

प्रथम इंग्रजीची व्यवस्था पाहू. मनावर परिणाम घडविणाऱ्या क्रियापदापासून इंग्रजीत दोन धातुसाधित विशेषणे होतात. जो परिणाम घडवितो त्याच्या विशेषणास 'इंग' हा प्रत्यय लागतो. ज्याच्यावर परिणाम घडतो त्याच्या विशेषणास 'एड' हा प्रत्यय लागतो. कंटाळा आणणारे भाषण 'बोअरिंग', कंटाळलेला श्रोता 'बोअर्ड'. दमविणारी चढण 'टायरिंग', दमलेला वाटसरू 'टायर्ड'. 'एक्सायटिंग' व 'एक्सायटेड', 'कन्फ्यूझिंग' व 'कन्फ्यूझ्ड' ह्या जोड्या अशाच होत. भेद सारा विशेषणाच्या रूपात आहे. 'असणे' ह्या अर्थाचे क्रियापद दोन्हीकडे एकच राहते.

स्पॅनिशमध्ये नेमके ह्याच्या उलट घडते. 'अबुर्रीदो' हे एकच विशेषण 'कंटाळलेला' व 'कंटाळवाणा' ह्या दोन्ही अर्थी चालते. परंतु त्या भाषेत 'असणे' ह्या अर्थाची क्रियापदे दोन आहेत. 'सेर' हे क्रियापद वस्तूचा स्वभाव किंवा गुण सांगते, तर 'एस्तार' हे तिची अवस्था सांगते. म्हणून "एस्तोय अबुर्रीदो" म्हणजे "मी कंटाळलो आहे" आणि "सोय अबुर्रीदो" म्हणजे "मी कंटाळवाणा आहे". विशेषण तेच, भेद क्रियापदाने दाखविला. असा विद्यार्थी इंग्रजीकडे वळला की त्याच्या हातातील दोन क्रियापदांच्या जागी एकच येते, आणि एका विशेषणाच्या जागी दोन उभी राहतात. विशेषण निवडण्याची त्यास सवयच नसते. म्हणून तो अंदाजाने एक उचलतो.

ह्यात आणखी एक अडचण मिसळते. 'इंग' हे रूप त्या विद्यार्थ्यास प्रथम भेटते ते चालू क्रिया दाखविताना. आपल्या भाषेतील 'आन्दो' व 'येन्दो' ह्या प्रत्ययांशी तो त्याची सांगड घालतो. "मे एस्तोय अबुर्रियेन्दो" म्हणजे "मला कंटाळा येत चालला आहे". त्याचे शब्दशः रूपांतर केले की "आय ॲम बोअरिंग" हेच वाक्य तयार होते! स्पॅनिशमधील ही रूपे, 'उकळते पाणी' ह्यासारखे मोजके प्रयोग सोडल्यास, विशेषण म्हणून वापरली जात नाहीत. ह्याउलट 'इन्तेरेसान्ते' व 'इन्तेरेसादो' अशी जोडी जेथे स्पॅनिशमध्ये तयार आहे, तेथे 'इंटरेस्टिंग' व 'इंटरेस्टेड' समजण्यास पुष्कळ सुलभ जाते. तात्पर्य, चूक कोठे होणार आणि कोठे टळणार, हे बऱ्याच अंशी मातृभाषाच ठरविते.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविली जाते. मराठीत 'कंटाळवाणा' व 'कंटाळलेला', 'घाबरविणारा' व 'घाबरलेला' अशी निरनिराळी रूपे आहेत. तेव्हा आपल्या मुलांस हा भेद सहज कळावा. तरीही ती चुकतात. कारण आजचा मुलगा बोलताना "मी बोअर झालो" म्हणतो आणि "तो पिक्चर बोअर आहे" असेही म्हणतो. येथे 'बोअर' एकच. भेद दाखविला 'झालो' व 'आहे' ह्या क्रियापदांनी. म्हणजे स्पॅनिशचीच रीत! आणि "मी बोअर होतोय" ह्याचे शब्दशः इंग्रजी केले की पुन्हा तेच वाक्य हाती येते.

हे मला फार उशिरा उमगले. शिक्षकीच्या पहिल्या वर्षांत एका विद्यार्थिनीने वर्गात हेच वाक्य उच्चारले. मी हसून म्हणालो, "ते आम्हांला ठाऊकच आहे." सारा वर्ग हसला. ती मुलगी त्यानंतर वर्षभर इंग्रजीच्या तासाला आपण होऊन एक शब्दही बोलली नाही. तिची चूक विचारांती केलेल्या भाषांतराची होती. माझी चूक त्याहून मोठी होती.

अध्यापनासाठी पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

१. इंग्रजी शब्द देण्यापूर्वी मराठी जोड्या फळ्यावर लिहाव्यात : दमविणारी चढण, दमलेली मुले, घाबरविणारा आवाज, घाबरलेले वासरू.

२. प्रत्येक जोडीस दोनच प्रश्न विचारावेत : परिणाम कोणी केला? परिणाम कोणावर झाला? पहिल्याच्या उत्तरास 'इंग', दुसऱ्याच्या उत्तरास 'एड'.

३. "वस्तूला इंग, माणसाला एड" असा सोपा नियम मात्र सांगू नये. तो फसवा आहे. गुरुजी स्वतःही 'बोअरिंग' असू शकतात!

४. एकाच प्रसंगावर दोन वाक्ये करवून घ्यावीत : "द गेम वॉज एक्सायटिंग. वी वेअर एक्सायटेड." सुटी रूपे पाठ करविण्यापेक्षा हे अधिक फलदायी ठरते.

५. हा नियम मनावर वा शरीरावर परिणाम करणाऱ्या सकर्मक क्रियापदांपुरता ठेवावा. 'गळणारी पाने' व 'गळलेली पाने' ह्यांसारख्या अकर्मक क्रियापदांच्या रूपांत भेद असतो तो चालू व पूर्ण क्रियेचा. तो पुढील इयत्तांत घ्यावा.

विद्यार्थ्याचे वाक्य चुकले की लाल शाई उचलण्यापूर्वी "हे तू मराठीत कसे म्हणाला असतास?" एवढे त्यास विचारावे. उत्तरातून चुकीची वाट बहुधा दिसून येते, आणि वाट दिसली की मुलाला हाती धरून परत आणणे कठीण नसते. त्यास हसून तेथेच उभे करून ठेवू नये, एवढीच विनंती.