प्रवाळ कोणी कुरतडले?

राधानगरी अभयारण्यालगतच्या शिवारात ऊस किंवा भात रातोरात फस्त झाला की पंचनाम्यात पहिला प्रश्न असतो तो नुकसान करणारा प्राणी कोणता हा, आणि त्याचे उत्तर बहुधा तो प्राणी न पाहताच द्यावे लागते. गव्याला वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्यामुळे त्याने ओढून तोडलेल्या पाल्याची कड फाटल्यासारखी राहते, रानडुक्कर मुळाशी माती उकरून ठेवते, तर साळिंदराच्या पटाशीच्या दातांचे समांतर ओरखडे बुंध्यावर उमटतात. याच अभयारण्यातील दाजीपूरच्या जंगलाला १९५८ मध्ये गव्यांसाठी संरक्षण मिळाले. त्याच्या कडेने रुळलेली ही जखम वाचण्याची रीत फोंडा घाटाखालच्या मालवणच्या समुद्रात, तसेच जगभर प्रवाळ वाढवणाऱ्या सागरी मत्स्यालयांतही तितकीच उपयोगी पडते.

प्रवाळ हा प्राणी असून पॉलिप नावाच्या त्याच्या इवल्या जीवांची पातळ ऊती चुन्याच्या सांगाड्यावर पसरलेली असते आणि तिच्यात राहणारी एकपेशीय शैवाले त्याला अन्न व रंग पुरवतात. म्हणून प्रवाळ पांढरे दिसले की आधी दोन शक्यता वेगळ्या कराव्या लागतात. पाणी तापल्यामुळे शैवाले निघून गेली असतील, तर सांगाड्यावर पारदर्शक ऊती शिल्लक असते व प्रवाळ अद्याप जिवंत असते. उलट ऊतीच नाहीशी होऊन उघडा चुना दिसत असेल, तर ती कोणी खाल्ली असावी किंवा रोगाने झडली असावी. उघड्या चुन्यावर लवकरच शेवाळ चढत असल्याने शुभ्र पट्टा म्हणजे ताजी जखम, हिरवट भाग म्हणजे जुनी, आणि या क्रमावरून नुकसान कोणत्या दिशेने सरकत आहे हेही कळते.

पोपट मासा चोचीसारख्या दातांनी चुन्यासकट खरवडतो, त्यामुळे त्याच्या खुणा खोल असतात. काटेरी मुकुट नावाचा तारामासा आपले जठर तोंडावाटे बाहेर काढून प्रवाळावर पसरतो व ऊती जागच्या जागी पचवतो, म्हणून मागे राहिलेला सांगाडा पांढराशुभ्र पण अभंग असतो. ड्रुपेला जातीच्या गोगलगायी दिवसा फांद्यांच्या तळाशी दडतात आणि त्यांची जखम बहुधा तळाकडून वर चढत जाते.

मत्स्यालयातील सर्वांत बिलंदर गुन्हेगार मात्र आक्रोपोरा या फांद्याफांद्यांच्या प्रवाळावर जगणारा एक चपटा कृमी होय. त्याने खाल्लेल्या प्रवाळाची शैवाले त्याच्याच आतड्यात साठत असल्यामुळे तो प्रवाळाच्या रंगाचा होतो आणि डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही; दिसतात ते केवळ फिकट गोल ठिपके आणि फांदीच्या मेलेल्या भागावर चिकटवलेले अंड्यांचे पुंजके. शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये त्याचे वर्णन केले ते मत्स्यालयातल्या नमुन्यांवरून. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर तो निसर्गात नंतर सापडला. पाळणाऱ्यांच्या टाकीत आधी आणि समुद्रात मागाहून ओळख पटावी, असे भाग्य फार थोड्या जीवांना लाभते.

जागेवर सापडला तोच चोर, असे धरले तर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. मेलेल्या ऊतीवर रात्री जमणारे केसाळ कृमी पुष्कळदा केवळ सफाई करणारे असतात, आणि प्रवाळांच्या फांद्यांत राहणारे ट्रॅपेझिया जातीचे खेकडे तर काटेरी तारामाशाला चिमटे काढून हुसकावून लावतात. यासाठी जाणकार टाकीची पाहणी रात्री मंद लाल उजेडात करतात, कारण पुष्कळ अपृष्ठवंशी प्राण्यांना तो जाणवत नाही. एकाच जागेची छायाचित्रे काही दिवसांच्या अंतराने ताडून पाहतात, आणि संशयिताला काही काळ दुसऱ्या टाकीत ठेवून जखम वाढायची थांबते का हे तपासतात. ही शेवटची चाचणी कंटाळवाणी खरी, पण तिच्याइतका भक्कम पुरावा क्वचितच मिळतो.

भारतात चुन्याचा सांगाडा असलेले प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने येथे या विद्येचे खरे क्षेत्र समुद्रच आहे. मालवणच्या १९८७ मध्ये घोषित झालेल्या सागरी अभयारण्यात संशोधकांना पर्यटक पाणबुड्यांच्या वावरामुळे प्रवाळांची मोडतोड झाल्याचे आढळले; तुटलेल्या कडा आणि विखुरलेले तुकडे ही कोणत्याही माशाची खूण नव्हे. याच पश्चिम किनाऱ्यावर २०१९ मध्ये क्लिओना थोमासी या नव्या स्पंजाची नोंद झाली, जो जिवंत प्रवाळाच्या चुन्यात पोखरत शिरतो आणि वर पातळ तपकिरी थर पसरवतो. ज्या गटात तो मोडतो, त्या गटातील स्पंजांच्या अंगातही प्रवाळांसारखीच शैवाले राहतात, आणि त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला तो थर प्रवाळाचाच भाग वाटू शकतो.