शेकोटीची निगा : गृहस्थाचा अप्रमाद

न्यू जर्सी, शिकागो वा टोरांटोच्या परिसरात स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांना तेथील दीर्घ हिवाळ्याशी जुळवून घ्यावे लागते. जुन्या घरांतील विटांच्या शेकोटीत पेलेट स्टोव्ह बसवून घेण्याची पद्धत त्या देशांत रूढ आहे. लाकूड कापताना उरणारा भुसा दाबून केलेल्या, सुमारे ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या म्हणजे पेलेट. आगमांनी अग्निकायिक जीव सांगितले आहेत; गृहस्थाला अग्नी सर्वथा टाळता येत नाही, मात्र तो यत्नाचाराने वापरणे त्याच्या हाती असते.

या यंत्रात मळसूत्री दांडा टाकीतील पेलेट थोडे थोडे जळणपात्रात लोटतो. एक पंखा ज्वलनास हवा देऊन धूर बाहेर ओढतो, तर दुसरा उष्ण हवा खोलीत सोडतो. राखेने मार्ग तुंबला, की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड घरात शिरण्याचा धोका उद्भवतो. या वायूला रंग नाही, गंधही नाही. म्हणून त्याची सूचना देणारे यंत्र शयनगृहांजवळ असावेच.

स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावर जळणपात्रातील कठीण थर रोज खरवडून छिद्रे मोकळी करावीत. राखेचा खण वेळोवेळी रिता करावा. राखेतील निखारा कित्येक दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून ती घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, घराबाहेर व लाकडापासून दूर ठेवावी. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरने ती कधीही ओढू नये. दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून दार लावावे. ती सहज निसटली, तर दाराची दोरीवजा पट्टी झिजली असे समजावे.

वर्षातून एकदा वीज तोडून, स्टोव्ह कोनाड्यातून पुढे ओढून पंखे व धुराची नळी प्रशिक्षित कारागिराकडून साफ करवून घ्यावी. हे काम थंडी सरताच करणे हिताचे. टाकीही तेव्हाच रिकामी करावी, कारण दमट पेलेट फुगून दांडा अडकवतात.

या वेळेला जीवदयेचेही कारण आहे. चिमणी स्विफ्ट हा पक्षी उन्हाळ्यात उत्तर अमेरिकेतील धुराड्यांत घरटी बांधतो. अमेरिकेत १९१८च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. धुराड्यावरील टोपी त्याच्या आगमनापूर्वीच दुरुस्त केली, तर घरट्याचा प्रश्न उरत नाही. पिले आत आढळली, तर ती उडून जाईपर्यंत थांबावे. तेव्हा स्टोव्हची गरजही नसते. शरद ऋतूत पहिली ज्योत पेटवण्याआधी कोळी-कीटक अलगद बाहेर सोडावेत.

तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येतच प्रमादाला स्थान दिले आहे. त्या दृष्टीने पाहता, राखेचा डबा आणि खरवडणी हीदेखील व्रतपालनाचीच साधने ठरतात.