टाळेबंदी आणि बाळंतपण: नेपाळचा धडा

मार्च २०२० मध्ये नेपाळमध्ये टाळेबंदी लागली. वाहतूक थांबली, पण बाळंतपण कुणासाठी थांबत नाही. तिथल्या नऊ रुग्णालयांची पाहणी त्याच वर्षी ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्याला सरासरी १,२६१ बाळंतपणं होत होती, ती ६५१ वर आली. रुग्णालयातलं मृतजन्माचं प्रमाण हजारी १४ वरून २१ झालं आणि नवजात मृत्यूंचं १३ वरून ४०, म्हणजे तिपटीहून जास्त.

वाहन मिळेना, त्यात संसर्गाची धास्ती. अशा वेळी घरातून निघायला उशीर झाला, की अडलेल्या बाईचा आणि बाळाचा धोका वाढतो. रुग्णालयातही कळा सुरू असताना बाळाचे ठोके तपासणं कमी झालं; पहिल्या तासातलं स्तनपानही थोडं घटलं. मात्र हात धुण्याची शिस्त वाढली आणि बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवण्याचं प्रमाणही वाढलं.

आईला कोविड असला तरी मास्क लावून, हात धुऊन तिनं बाळाला जवळ घ्यावं, अंगावर पाजावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता. साथ कोणतीही असो, गरोदर बाईसाठी रुग्णवाहिका आणि प्रसूतिगृह चालू राहिलंच पाहिजे.