प्रथिनांचा साठा आणि यकृताचे विकार

पदवी वर्गांत आनुवंशिक रोग शिकविताना आपण सामान्यतः ‘जनुक बिघडले, प्रथिन तयार झाले नाही, म्हणून रोग झाला’ अशी मांडणी करतो. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाच्या न्यूनतेमुळे होणारा फुप्फुसाचा विकार या मांडणीत नीट बसतो. त्याच उत्परिवर्तनामुळे होणारा यकृताचा विकार मात्र तिच्यात बसत नाही. तेथे हानी होते ती प्रथिन नसल्यामुळे नव्हे, तर ते पेशीत साठून राहिल्यामुळे. हा फरक प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

अल्फा-१ अँटिट्रिप्सिन मुख्यतः यकृतपेशींत तयार होऊन रक्तात सोडले जाते आणि पांढऱ्या पेशींतील इलॅस्टेज या विकरापासून फुप्फुसांचे रक्षण करते. त्याची न्यूनता १९६३ मध्ये स्वीडनमधील लॉरेल व एरिक्सन यांनी प्रथम नोंदविली. बालकांच्या सिऱ्होसिसशी तिचा संबंध १९६९ मध्ये अमेरिकेत शार्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविला. ३९४ अमिनो आम्लांच्या या साखळीत ३४२ व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आले, की ‘झेड’ प्रकार तयार होतो. एवढ्या बदलाने रेणूची घडी सैल पडते, एका रेणूचा लवचिक फास शेजारच्या रेणूच्या फटीत अडकतो आणि मण्यांच्या माळेसारखी बहुवारिके तयार होतात. ही यंत्रणा केंब्रिज येथील लोमास व कॅरेल यांनी १९९२ मध्ये मांडली. झेड प्रथिनापैकी जेमतेम १५ टक्के रक्तात पोहोचते. उरलेले आंतर्द्रव्यजालिकेतच अडते. त्यातील बरेचसे पेशी नष्ट करते, बाकीचे गोलकांच्या रूपाने साठते. डायस्टेज विकराने ग्लायकोजेन पचवून टाकल्यावरही हे गोलक पी.ए.एस. रंजकाने गडद किरमिजी दिसतात.

साठाच अपायकारक आहे, कमतरता नव्हे, असे कशावरून म्हणावयाचे? याचे उत्तर निसर्गानेच दिले आहे. काही व्यक्तींत या जनुकाच्या दोन्ही प्रती अशा असतात, की प्रथिन मुळी तयारच होत नाही. त्यांना फुप्फुसाचा तीव्र विकार जडतो, परंतु यकृत निरोगी राहते. अध्यापकांनी हे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे. कार्यकारणभाव इतका स्वच्छ दाखविणारी उदाहरणे वैद्यकात फार थोडी आहेत.

तरीही एक कोडे उरते. स्वीडनमध्ये १९७२ ते १९७४ या काळात दोन लाख नवजात अर्भकांची तपासणी झाली. त्यांत दोन्ही जनुके झेड असलेली १२० अर्भके आढळली. पैकी १४ जणांनाच दीर्घकाळ टिकणारी अवरोधी कावीळ झाली. जनुक तेच, मग परिणाम वेगळा का? पर्लमटर यांच्या गटाने १९९४ मध्ये दाखविले, की यकृतविकार झालेल्या रुग्णांच्या पेशी झेड प्रथिनाची विल्हेवाट अधिक मंद गतीने लावतात. सुटे रेणू प्रोटिआसोमकडे जातात, तर मोठे पुंजके स्वभक्षणाच्या मार्गाने लयकारिकेत पोहोचतात. निर्मिती आणि विल्हेवाट यांचा तोल ढळला, की साठा वाढतो, तंतुकणिकांना इजा होते व पेशी मरू लागतात. त्यांची जागा भरण्यासाठी इतर पेशींचे सततचे विभाजन आणि त्यासोबत तंतुमयता सुरू होते. स्वभक्षण वाढविणाऱ्या कार्बामाझेपिन या जुन्या औषधाने उंदरांतील साठा व तंतुमयता घटल्याचे २०१० मध्ये आढळले. निर्मितीच रोखणाऱ्या फाझिरसिरान या आर.एन.ए.-आधारित औषधाने रुग्णांच्या यकृतातील झेड प्रथिन बरेच कमी झाल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

झेड जनुक प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांत आढळते. भारतात ते विरळ आहे. आपल्याकडे प्रथिनसाठ्याचा परिचय झाला तो वेगळ्या वाटेने. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ मॅलरी यांनी १९११ मध्ये मद्यपींच्या यकृतात पाहिलेले पिंड म्हणजे पेशीच्या सांगाड्यातील केरॅटिन ८ व १८ यांचे युबिक्विटिनयुक्त गुंते होत. हेच पिंड विपुल प्रमाणात आढळत ते भारतीय बाल-सिऱ्होसिसमध्ये. एक ते तीन वर्षांची मुले या रोगाने महिन्यांत दगावत, आणि त्यांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड असे. पुण्यात टॅनर, भावे व पंडित यांनी केलेल्या अभ्यासांतून लक्ष वेधले गेले ते पितळी भांड्यांकडे. कल्हई उडालेल्या भांड्यात तापविलेले वा ठेवलेले दूध तांबे ओढून घेते. दुधातील केसिन ते धरून ठेवते. वरचे दूध लवकर सुरू झालेल्या अर्भकांना धोका अधिक होता.

मॅलरी पिंड स्वतः घातक, की संकटात सापडलेल्या पेशीने केलेली तात्पुरती बांधाबांध, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. प्रस्तुत लेखकाला दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. झेड प्रथिनाबाबत पुंजका हे कारण होते, येथे तो बहुधा खूण आहे. दोन्ही ठिकाणी ‘साठा’ हा एकच शब्द वापरताना ही तफावत विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावी लागते.

पितळेची जागा स्टीलने घेतली आणि १९९० च्या दशकात हा बालरोग जवळजवळ दिसेनासा झाला. मॅलरी पिंड मात्र गेलेले नाहीत. मद्यपान करणाऱ्या आणि लठ्ठपणा व मधुमेहामुळे यकृतात मेद साठलेल्या प्रौढांच्या यकृतनमुन्यांत ते आजही पाहावयास मिळतात.