बशीतलं मोकळं वर्तुळ

टायफॉइडला जुन्या पिढीत ‘मुदतीचा ताप’ म्हणत. तीन-चार आठवड्यांची मुदत भरली की ताप उतरायचा, नाहीतर माणूस हातचा जायचा. १९४८मध्ये क्वालालंपूरला थिओडोर वुडवर्ड आणि त्यांचे सहकारी स्क्रब टायफसवर क्लोरॅम्फेनिकॉल देऊन पाहत होते. त्या रुग्णांत टायफॉइडचेही निघाले, आणि तेही बरे झाले. मुदत काही दिवसांवर आली. पण १९७२मध्ये मेक्सिकोत आणि आपल्या केरळात, कालिकतला, या औषधाला न जुमानणारा टायफॉइड पसरला. ऐंशीचं दशक सरताना ॲम्पिसिलिन आणि कोट्रायमोक्साझोलही त्याच्यापुढे निकामी ठरू लागली.

कोणतं औषध चालेल हे ठरवायची रीत दिसायला साधी आहे. रुग्णाच्या रक्तातून वाढवलेले जंतू सलाइनमध्ये मिसळून ठरावीक गढूळपणा येईपर्यंत जुळवायचे आणि म्यूलर-हिंटन अगरच्या बशीवर सगळीकडे सारखे फिरवायचे. अगरचा थर चार मिलिमीटर हवा. जाड झाला तर वर्तुळं आक्रसतात. वर औषधांच्या चकत्या ठेवायच्या, ३५ अंशांना सोळा ते अठरा तास उबवायचं आणि चकतीभोवतीच्या मोकळ्या वर्तुळाचा व्यास मोजायचा. १९६६पासून ही पद्धत कर्बी-बाउअर या नावाने ओळखली जाते.

खरी कसोटी लागते ती वर्तुळाचा अर्थ लावताना. जेंटामायसिनभोवती छान ऐसपैस वर्तुळ पडतं, तरी टायफॉइडसाठी ते ‘चालेल’ असं रिपोर्टात लिहायचं नसतं. हा जंतू आपल्याच भक्षक पेशींच्या आत दडून राहतो आणि जेंटामायसिन तिथे पुरेसं पोहोचत नाही. बशीत मात्र जंतूला लपायला पेशीच नसते.

सिप्रोफ्लॉक्सॅसिनने तर अख्ख्या जगाला चकवलं. २१ मिलिमीटर वर्तुळ दिसलं की औषध चालेल, असा नियम होता. रिपोर्ट चांगला येई आणि ताप उतरत नसे. जंतूच्या gyrA जनुकात, म्हणजे औषध जिथे चिकटतं त्या प्रथिनाच्या आराखड्यात, एकच बदल झालेला असे. तो पकडायला नॅलिडिक्सिक ॲसिड या जुन्या औषधाची चकती कामी आली. अखेर २०१२मध्ये साल्मोनेलासाठी अमेरिकी मानक संस्थेने मर्यादा ३१ मिलिमीटरवर नेली. या दहा मिलिमीटरच्या फटीतून किती रुग्ण निसटले असतील, या विचाराने मी आजही अस्वस्थ होतो.

आपल्याकडे अजूनही तापाच्या रुग्णाला आधी विडाल सांगतात. ती चाचणी १८९६ची. ती रक्तातल्या प्रतिपिंडांचा अदमास देते, औषधाबद्दल अवाक्षर काढत नाही. त्यासाठी रक्ताचं कल्चरच हवं, आणि तेही पहिली गोळी पोटात जाण्याआधी घेतलेलं. तरीही सुमारे चाळीस टक्के रुग्णांत जंतू हाती लागत नाही. एवढ्या कष्टाने सापडलेल्या जंतूची सेन्सिटिव्हिटी निष्काळजीपणे वाचणं मला अक्षम्य वाटतं.

२०१६च्या नोव्हेंबरपासून पाकिस्तानातल्या सिंध हैदराबादमध्ये जुन्या तिन्ही औषधांबरोबर सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि सेफ्ट्रिॲक्सोनलाही दाद न देणारा टायफॉइड दिसू लागला. त्याने सेफ्ट्रिॲक्सोन फोडणारं जनुक एका प्लाझमिडवरून, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या डीएनएच्या कड्यावरून, उचललं होतं. मुंबईतही सेफ्ट्रिॲक्सोनला दाद न देणारे टायफॉइडचे जंतू सापडले आहेत. त्यांचं प्लाझमिड वेगळं आहे. २०१८मध्ये नवी मुंबई महापालिकेने मुलांना नवी संयुग्मित लस द्यायला सुरुवात केली, ती अशा काळात.

सिंधमधल्या रुग्णांसाठी घरी घेता येईल असं एकच भरवशाचं औषध उरलं, ॲझिथ्रोमायसिन. त्याची चकती वाचणं सगळ्यात अवघड: वर्तुळाची कड धूसर असते आणि मर्यादा अवघी १३ मिलिमीटर. बांगलादेशातल्या संशोधकांनी २०१९मध्ये acrB या पंपाच्या जनुकातला एक बदल दाखवून दिला. तेवढ्या बदलाने जंतू ॲझिथ्रोमायसिन बाहेर फेकू लागतो, आणि त्यासाठी त्याला प्लाझमिडही लागत नाही. आता ढाक्यापासून मुंबईपर्यंत प्रयोगशाळांत ती धूसर कड पुन्हा पुन्हा मोजली जाते, आणि शंका आली की पट्टी लावून औषधाची नेमकी मात्रा तपासली जाते.