ऱ्हाईन नदीचा ताळेबंद

१ नोव्हेंबर १९८६. स्वित्झर्लंडमधील बाझल शहराजवळ रसायनांच्या एका गोदामाला आग लागली. आग विझवण्यासाठी वापरलेले पाणी गोदामातील कीटकनाशके घेऊन ऱ्हाईन नदीत उतरले. प्रवाह लाल झाला आणि शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. ऱ्हाईन ही युरोपच्या व्यापाराची धमनी. तिच्या काठी बंदरे आणि कारखाने भरभराटले. त्या समृद्धीपायी नदीने काय गमावले, याची नोंद मात्र फार थोड्यांनी ठेवली होती.

या आघाताने काठावरची राष्ट्रे जागी झाली. १९८७ मध्ये त्यांनी संकल्प केला : नदीतून नाहीसा झालेला सॅमन मासा २००० सालापर्यंत परत आणायचा. हीच कसोटी का? सॅमन उपनद्यांच्या स्वच्छ वाळूगोट्यांत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा उगमाकडे येतो. त्याला शुद्ध पाणी हवे, तसाच मोकळा मार्गही हवा.

पुढे २००० मध्ये युरोपीय संघाने जलधोरणाचा कायदा केला. नद्या व सरोवरांची पर्यावरणीय स्थिती ‘अत्युत्तम’पासून ‘वाईट’पर्यंत पाच श्रेणींत ठरू लागली. मासे, तळातील कीटक, पाणवनस्पती व रासायनिक घटक यांपैकी जो सर्वांत दुर्बळ, त्यावरून एकूण श्रेणी ठरते. एका खात्यातील तूट दुसऱ्या खात्यातील नफ्याने झाकता येत नाही. या कठोर हिशेबात २०२१ पर्यंत केवळ ३७ टक्के जलाशय व प्रवाह ‘चांगल्या’ किंवा त्याहून वरच्या श्रेणीत आले.

सांडपाण्याच्या शुद्धीकरणाने ऱ्हाईनचे पाणी पुष्कळ सुधारले. इफेट्सहाईमच्या बंधाऱ्यावर २००० मध्ये मत्स्यमार्ग खुला झाला आणि सॅमन परतू लागला. तरीही बाझलपर्यंतची वाट अद्याप निर्वेध नाही; पिल्ले सोडूनच त्याची संख्या टिकवावी लागते. युरोपातील नद्यांवर लहानमोठे दहा लाखांहून अधिक अडथळे आहेत. म्हणून २०२४ च्या निसर्ग-पुनर्स्थापना कायद्याने २०३० पर्यंत २५,००० किलोमीटर प्रवाह मुक्त करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

पाणी काही वर्षांत स्वच्छ होऊ शकते; तुटलेली जीवनसाखळी जोडायला पिढ्या लागतात. निसर्गाकडून घेतलेले कर्ज फेडण्याची मुदत घेणाऱ्याच्या हाती नसते, हेच ऱ्हाईनचा हा ताळेबंद सांगतो.