मोटारीचा कांटा खरें बोलतो काय?

मे महिन्यांतील दुपार आहे. आपण मोटारीनें बोरघाट चढत आहांत, गाडींत मुलेंबाळें आहेत, आणि एकाएकीं समोर तांबडा दिवा लागतो : इंजिन तापलें! अशा वेळीं माणसाच्या हातून दोन चुका संभवतात. खरा इशारा खोटा समजून गाडी तशीच दामटली, तर सिलिंडरचें हेड वाकतें, त्याखालचें गॅस्केट फुटतें आणि इंजिन हातचें जातें. उलट, खोटा इशारा खरा मानून रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट असे एकामागून एक भाग बदलीत बसलें, तर पैसा जातो आणि दोष जेथल्या तेथें राहतो. हा खऱ्याखोट्याचा भेद कसा ओळखावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, कांटा स्वतः इंजिनाची उष्णता मोजीत नाहीं. तो एका साक्षीदाराची जबानी वाचून दाखवितो. हा साक्षीदार म्हणजे इंजिनाच्या पाण्यांत बुडालेला लहानसा सेन्सर. तो जसजसा तापतो, तसतसा विद्युत्-प्रवाहाला होणारा त्याचा विरोध कमी होतो. नेहमीं आढळणाऱ्या एका प्रकारांत २० अंश उष्णमानाला हा विरोध सुमारें २,५०० ओहम असतो, तर ८० अंशांना तो ३०० ओहमच्या आसपास येतो. विरोध घटला कीं कांटा वर चढतो. मग तो उष्णतेनें घटलेला असो, वा वायरीचें आवरण झिजून ती इंजिनाच्या लोखंडाला टेकल्यामुळें घटलेला असो. कांट्याला त्यांतला फरक कळत नाहीं. खोट्या इशाऱ्याचें मूळ येथेंच आहे.

याच्या उलटहि घडतें, आणि तें अधिक घातक. पाणी गळून सेन्सर कोरडा पडला, तर इंजिन आंतून भाजत असतांहि कांटा खालीं येऊं शकतो. म्हणून दिवा लागून गेल्यावर कांटा खालीं आला, एवढ्यावरून संकट टळलें असें मानूं नये.

यावरून रस्त्यावरचा नियम ठरतो : इशारा आधीं खरा मानावा, शंका मागाहून घ्यावी. गाडी सुरक्षित जागीं कडेला घेऊन इंजिन बंद करावें. वाफ दिसते काय, गोडसर वास येतो काय, खालीं ओल आहे काय, तें पाहावें. वाफ येत असेल तर बोनेट लगेच उघडूं नये. आणि रेडिएटरचें टोपण तर इंजिन पुरतें निवल्यावांचून उघडूंच नये. बंद टोपणाखालीं दाब असतो व त्यामुळें आंतील पाणी १०० अंशांच्या वर जाऊनहि उकळत नाहीं. टोपण फिरवितांच तो दाब नाहींसा होतो आणि उकळतें पाणी हातातोंडावर उसळतें. बहुतेक गाड्यांत पाण्याची पातळी प्लास्टिकच्या टाकीवरील खुणांवरून टोपण न काढतांहि दिसते. ती कमी असेल, किंवा मनांत शंका उरली असेल, तर गाडी ओढून नेणें हेंच शेवटीं स्वस्त पडतें.

गाडी घरीं आली, पाणी पुरेसें आहे, गळती नाहीं. आतां साक्षीदाराची उलटतपासणी करूं. सर्वांत निर्णायक परीक्षा पहाटेची. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची किल्ली फिरवावी, परंतु इंजिन सुरू करूं नये. पहिले कांहीं क्षण बरेच दिवे लागतात. ती त्यांची स्वतःची तपासणी होय. त्यानंतरहि तापल्याचा दिवा तसाच राहिला, किंवा कांटा वरच असला, तर तो इशारा उष्णतेचा खास नव्हे. थंड लोखंड तापलेलें असूं शकत नाहीं. मात्र कांहीं गाड्यांत पाणी कमी झाल्याची सूचनाहि हाच दिवा देतो. म्हणून पातळी आधीं पाहावी, असें म्हटलें.

दुसरी परीक्षा काळाची. एवढें लोखंड आणि एवढें पाणी तापावयास वेळ लागतो. विजेला तो लागत नाहीं. पुढचे मोठे दिवे लावतांच कांटा उडी मारीत असेल, खड्ड्यांत आपटतांच दिवा लुकलुकत असेल, तर सैल जोड किंवा गंजलेली अर्थची वायर शोधावी. खरी उष्णता रस्त्याप्रमाणें वागते : पंखा बिघडला असेल तर गर्दींत चढते आणि मोकळ्या रस्त्यावर उतरते; रेडिएटर चोंदला असेल तर घाटांत चढते. खोटा इशारा चढ-उतार जाणत नाहीं. तथापि पाण्यांत हवेचा बुडबुडा अडकला असेल तरीहि कांटा उड्या मारतो. म्हणून एकट्या उडीवरून निकाल देऊं नये.

जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत आणखी एक गंमत असे. पेट्रोलचा व उष्णतेचा अशा दोन्ही कांट्यांना एकाच नियामकांतून सुमारें १० व्होल्टचा प्रवाह मिळे. तो नियामक बिघडला कीं दोन्ही कांटे एकदम वर चढत. टाकी भरलेली आणि इंजिनहि तापलेलें, असें दोघे मिळून सांगूं लागले, तर दोष त्या नियामकाचा समजावा.

आजच्या गाड्यांतील संगणक दोषाचा क्रमांक नोंदून ठेवतो. पी ०११७ म्हणजे सेन्सरकडून येणारा विद्युत्-दाब अवाजवी कमी. हें पुष्कळदां वायर टेकल्याचें लक्षण असतें. पी ०११८ म्हणजे तो अवाजवी जास्त. हें बहुधा वायर तुटल्याचें. गॅरेजमध्यें नवा भाग घेण्यापूर्वीं हा क्रमांक अवश्य विचारावा. शेवटीं एखाद्या निराळ्या उष्णमापकाची साक्ष काढावी. दुरून मोजणारें यंत्र वापरल्यास तें काळ्या रबरी नळीवर रोखावें. चकचकीत धातूवर तें फसतें.

आणि साक्षीदार खोटा ठरलाच, तर त्याची वायर काढून त्याचें तोंड मात्र बंद करूं नये. अनेकदां सेन्सर किंवा त्याचा जोड बदलण्याचा खर्च इंजिनाच्या मानानें अगदीं क्षुल्लक असतो. आज तो उगाच ओरडला. पण पुढल्या घाटांत खरें सांगावयास त्याच्यावांचून दुसरें कोणी नाहीं.